टिटवीने टाळलेली जागा

कामतघर,
वैशाख शुद्ध अष्टमी, मंगळवार

प्रिय देवेश,

चिरंजीव देवेश यास अनेक आशीर्वाद, असं लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. तिसरीत गुरुजींनी एवढं एकच पत्र आमच्याकडून घोटून घेतलं होतं, आणि चौथीला मी गेलेच नाही. पण तुझी बहीण करिष्मा म्हणते, आजी, हल्ली प्रिय लिहितात. तर प्रिय. अक्षर कोंबडीने चिखलात पाय उमटवल्यासारखं आहे, हसू नकोस. करिष्मा म्हणत होती, तू सांग, मी लिहिते. मी म्हटलं, नको गो बाय, हे माझं मलाच लिहू दे. दुपारी लाईट जाते तेव्हा शेजारचे लूम बंद पडतात, आणि कामतघरात तेवढे दोन तास माणसाला स्वतःचं डोकं ऐकू येतं. त्या वेळात लिहिते आहे. लाईट आली की थांबते. कुठे तुटक वाटलं तर लूमला बोल लाव.

आधी खुशाली. सगळे बरे आहेत. तुझ्या बाबाचा, म्हणजे आमच्या केसरीनाथाचा, गुडघा दुखतो पण तोंड दुखत नाही. तुझी मनाली माहेरून परवा आली, थोडी सुटली आहे अंगाने, छान दिसते. धाकट्या दीपेशने तुझा बोर्ड रंगवून आणला आणि ओटीवर भिंतीला टेकवून ठेवला आहे. 'आजीचं खाजण' एवढी मोठी अक्षरं, वर दोन गुलाबी पक्षी, खाली 'तंबूत राहा, पक्षी पाहा'. पक्ष्यांच्या माना बदकासारख्या आल्या आहेत, पण मी काही बोलले नाही. येणारा जाणारा वाचतो आणि मला विचारतो, आजी, तुमच्या नावाने काढलं का नातवाने? बहात्तर वर्षांत माझं नाव कशावर लागलं नव्हतं रे. घर आजोबांच्या नावावर, जमीन आजोबांच्या नावावर, मतदार यादीत सुद्धा आनंदीबाईचं नंदाबाई केलेलं. आणि आता बोर्डावर आजी. काल मी पदर ओला करून त्याच्यावरची धूळ पुसली. लहान पोरीसारखी खूश झाले, खोटं कशाला सांगू.

बत्तीस मुलं येणार म्हणे, इथल्या शाळेतली, पाचवीची, आणि त्यांच्या चार बाया. पुनवेच्या दिवशी, चांदण्यात पक्षी बघायला. आठ दिवस राहिले. घरात दुसरं बोलणंच नाही. दीपेश गाद्या मोजतो, मनाली पोहे किती लागतील ते विचारते. मी मात्र दर वेळी पुनव म्हटलं की उठून आत जाते.

तुला आठवतं ना, रामनवमीला आपण निघालो ते? तुझा बाबा दारात उभा राहून म्हणाला होता, घरात पंखा सोडून चिखलात झोपायला डिझेल जाळतात, असली शहाणी कार्टी माझ्याच नशिबात. आणि मग हळूच माझ्या पिशवीत गुडघ्याचं तेल टाकलं. सुमोत पुढे तू आणि दीपेश, मागे मी आणि मनाली, आणि आमच्या मागे तुझे ते कापडी तंबू. करिष्माची परीक्षा, ती रडली. मीच हट्ट धरला होता की कशेळीवरून घ्या, वाटेत माझं माहेर बघते. बघायला काय होतं? ट्रकांच्या रांगेत तासभर उभे राहिलो. माझ्या बापाचं खाजण, खाडीकाठचं खारं शेत, होतं तिथे आता गोदामं. आमची उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, ती कुठे होती ते मी बोट करून दाखवायला गेले तर बोट पत्र्याच्या भिंतीला लागलं. दीपेश म्हणाला, आजी, त्याच्यात फ्रीज ठेवतात. म्हटलं, ठेवू देत. पण पुलावरून खाडी दिसली तेव्हा मला वास आला. डिझेलच्या वासातून सुद्धा आला. भरतीचा वास वेगळा आणि ओहोटीचा वेगळा असतो, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही. चूक आमची. जमिनी गेल्या तसं आम्ही ते बोलायचंच सोडून दिलं.

मग घोडबंदर, हायवे, मनोर, आणि तिथून समुद्राच्या अंगाला. किती वर्षांनी मी एवढी लांब गेले. पहिली रात्र सुरूच्या बनात, देवळामागे. नवमी पाळायची म्हणून शेंगदाण्याचे लाडू आणि केळी खाल्ली, आणि दीपेश रात्रभर बोंबलाच्या नावाने सुस्कारे सोडत होता. दुसऱ्या दिवशी तो रस्ता. देवेश, तो रस्ता मी मरेपर्यंत विसरणार नाही. एका बाजूला रेतीचा लांब पट्टा आणि त्याच्या पलीकडे समुद्र, दुसऱ्या बाजूला शेतं, आणि मधोमध ते खाऱ्या पाण्याचं पसरट तळं, संपतच नव्हतं. समुद्राला एकाच तोंडाने जोडलेलं. तू गाडी बैलगाडीसारखी चालवत होतास. मनालीने गळ्यात दुर्बीण घातली होती आणि मांडीवर वही. ती इंग्रजी नावं सांगायची आणि मी आमची. शेकाट्या, कुदळ्या, तुतारी, ढोकरी. ती म्हणाली, आजी, हळू सांगा, लिहून घेते. मी बोलले आणि कोणी ते लिहून घेतलं, असं पहिल्यांदा झालं. मग काय, मी सुटलेच. ज्या पक्ष्यांना नाव नव्हतं त्यांनाही मी नाव दिलं. तिच्या वहीत एक 'काळी लांडी' म्हणून आहे ना, ती मी तिथल्या तिथे बनवलेली. सांगू नकोस तिला.

आणि मग ते गुलाबी. रोहित, मनालीच्या वहीतले फ्लेमिंगो. आधी मला वाटलं, कोणी साड्या वाळत घातल्यात पाण्यावर. एवढे हजारो, आणि आवाज कसला, गिरणीत दूरवर पट्टे फिरतात तसा. तू इंजिन बंद केलंस. मी पाहिलं, तुझे डोळे भरले होते. गोदामात सुपरवायझर म्हणून चार वर्षं तू बॉक्स मोजलेस, तेव्हा तुझा चेहरा असा कधी झाला नव्हता. मी तेव्हाच मनात म्हटलं, या पोराला इथेच ठेव रे देवा. तुझी ती दुबईची नोकरी आली होती ना, कागद आले होते, फक्त सही राहिली होती. मी कोणाला सांगितलं नाही, पण त्या कागदांवर मी रोज रात्री उदबत्तीची राख टाकायची.

दुपारी चारच्या सुमाराला तू ती जागा शोधलीस. मलाही आवडली, खोटं नाही. जुना बांध, त्याच्या आत सपाट, तळहातासारखी जमीन, गवत बारीक, पाणी चार पावलांवर. पडक्या उघाडीचे दोन दगडी खांब उभे. रस्त्यावरून आत यायला ती एक सखल वाट, गाडीची चाकं जरा रुतली तिथे. दीपेशने तंबू ठोकले तेव्हा खुंट्या लोण्यात घुसल्यासारख्या गेल्या, तो म्हणाला, काय मऊ जमीन आहे. तुम्ही तंबू ठोकत होता आणि मी आणि मनाली फिरत होतो. टिटवी डोक्यावर ओरडत होती, म्हणजे जवळपास अंडी. मनालीला मी सांगितलं, टिटवी सपाट उघड्या जमिनीवर अंडी घालते, खाली बघून चाल. सगळं सपाट पालथं घातलं. एक अंडं नाही. शेवटी सापडली ती वर, बांधाच्या माथ्यावर, दगडांच्या फटीत, जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे चार अंडी. पुढे गेलो तर आणखी एक घरटं, तेही माथ्यावर. मनाली म्हणाली, किती वेडी टिटवी, एवढी चांगली जागा सोडून. मी म्हटलं, हो गो, वेडीच.

मग मी कालवं काढली. तुला आठवत असतील, चाटूनपुसून खाल्लीस. उघाडीच्या खांबांना चिकटलेली. खालची मोठी होती, पण माझा गुडघा वाकेना, म्हणून मी वरची काढली, कमरेएवढ्या उंचीवरची. बारीक, पण गोड. उभ्या उभ्या कोयतीने टोपलंभर काढली आणि किती खूश झाले मी, वाकावंही लागलं नाही. हळद-मीठ लावून तव्यावर परतली. दीपेश म्हणाला, आजी, हॉटेल काढ. कालवं खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत रे. दगडाला जिथवर कालव, तिथवर पाणी. माझी आई मला हे काखेत घेऊन सांगायची.

तेवढ्यात तो काळूराम आला होता, आठवतो? तिथला, कोळंबीचं जाळं खांद्यावर. तुम्ही त्याला चहा दिलात. तो माझ्याजवळ बसला, आम्ही दोघं आमच्या बोलीत बोलत होतो आणि तुम्ही हसत होतात की आजीला माणूस भेटला. तो खांबांकडे बघून गालात हसला आणि मला म्हणाला, "भांगाला सगले राजे, आज्ये." भांग म्हणजे काय ते तुला सांगते, कारण मी तुला कधी सांगितलेलं नाही. अष्टमीपासून दोन-चार दिवस पाणी सुस्त असतं. फार चढत नाही, फार उतरत नाही. तो भांग. आणि अवसेला, पुनवेला पाणी ताठ होतं, ते उधाण. आपण त्या जागी पोचलो ती दशमी होती. भांग. म्हणून संध्याकाळी साडेसातला भरती आली तेव्हा आपण सगळे काठावर उभं राहून बघत होतो, पाणी घागरीच्या गळ्याशी यावं तसं काठाशी आलं, थांबलं, आणि परत गेलं. तू टाळी वाजवलीस. म्हणालास, बघा, शिस्तीचं पाणी.

लाईट आली होती. आता पुन्हा गेली. कुठे होते मी? हो, पाणी.

पाणी समोरून येतं असं तुम्हाला वाटतं. ते समोरून येत नाही. आमच्या कशेळीच्या खाजणात मी सहा वर्षांची असताना उधाण बांधावरून आलं होतं. आम्ही पोरं समुद्राकडे तोंड करून बसलो होतो, कधी येतं बघायला. आमचा चुलता लडकू मागून ओरडत आला. आम्ही वळून पाहिलं तर आमच्या आणि घराच्या मधला सखल भाग भरून गेला होता, गुपचूप, वाऱ्यासारखाही आवाज नाही. जिथे आम्ही बसलो होतो ते अजून कोरडं होतं. आधी परतीची वाट जाते, मग पायाखालची जमीन. चुलत्याने दोघांना खांद्यावर घेतलं, मी त्याच्या कमरेचा पंचा धरून आले, पाणी माझ्या हनुवटीला होतं. आमचं वासरू राहिलं तिथे. ते बराच वेळ कोरड्यावर उभं होतं. मग नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आलास. रोहित उडत होते, मनाली वही उघडून बसली होती, दीपेश गाडी पुसत होता. तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "आजी, तू खाडीची आहेस. खरं सांग, इथं पाणी चढतं का कधी?"

आणि मी म्हटलं, "न्हाय रं बाला. इथं न्हाय चढत."

मनालीने तेही लिहून घेतलं.

तू घरी येऊन दुबईचे कागद फाडलेस. केसरीनाथ आठ दिवस तुझ्याशी बोलला नाही, मग बोलला, मग जागेच्या मालकाकडे तोच तुझ्याबरोबर गेला. सगळं किती भराभर झालं. मी दर वेळी म्हणायची, उद्या सांगीन. पुनव गेली, अवस गेली, तेव्हा तुम्ही ठाण्याला तंबूवाल्याकडे होतात, तिथे कोणीच नव्हतं बघायला. रविवारी तू बांबू भरून निघालास, षष्ठी होती, मी टेम्पोपर्यंत आले. तोंड उघडलं. तू वाकून पाया पडलास आणि म्हणालास, आजी, तुझ्यामुळे. मी तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि घरात आले.

काल वाण्याच्या फोनवरून तुझा फोन आला, मनालीने मला कानाला लावून दिला. तू हसत सांगत होतास की तो काळूराम रोज येऊन कटकट करतो, इथे पोरं झोपवू नका, पुनवेला पाणी येईल म्हणतो, त्याला बहुतेक जागा स्वतःला पाहिजे किंवा राखणदाराची नोकरी पाहिजे. आणि म्हणालास, मी त्याला सांगितलं, माझी आजी खाडीची आहे, तिने जागा बघितली आहे, तू कोण? मग तो म्हणे तुझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, आजीला परत एकदा विचार. तू हे मला गंमत म्हणून सांगितलंस. मी विचारलं, जेवलास का.

रात्रभर पडून होते. आज पुन्हा भांग आहे. तिथे आत्ता सगळं कोरडं असेल, तंबू उभे असतील, आणि तू त्यांच्याकडे बघून खूश असशील. हेच मला सगळ्यात वाईट वाटतं, की तुला डोळ्यांनी सगळं बरोबरच दिसतं आहे.

मी चुकले नाही देवेश. चुकले असं तू लोकांना सांगशील, म्हातारी आहे, विसरली, म्हणशील. तसं नाही. मी अंडी बघितली, कालवं बघितली, काळूराम बोलला ते ऐकलं, आणि जाणून बुजून खोटं बोलले. तुझा चेहरा बघून बोलले. तू दुबईला गेलास तर मी तुला परत बघणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि मला त्या पाण्याकाठी परत परत यायचं होतं. आणि मनालीची वही उघडी होती. तिन्ही गोष्टी मिळून मी बत्तीस पोरांची झोपायची जागा ठरवली.

पत्र दीपेशच्या हाती देते आहे, तो शुक्रवारी गाद्या घेऊन येणार होता, आता गाद्या येणार नाहीत, फक्त तो येईल. आज सकाळी करिष्माला घेऊन मी शाळेत जाऊन आले. पाचवीच्या बाई तुझ्याएवढ्याच आहेत. आधी त्यांना वाटलं मी फीबद्दल आले. मग मी त्यांना तिथी सांगितली, भरतीची वेळ सांगितली, टिटवी सांगितली, आणि मी खोटं बोलले तेही सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. मुख्याध्यापकांना बोलावलं. सहल रद्द झाली आहे, बसवाल्याला कळवलं, आता मुलं येणार नाहीत. केसरीनाथाला मी संध्याकाळी सांगणार आहे. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते असं आधी मी मनाशी म्हटलं होतं, पण खरं कारण ते नाही. मी तुला ओळखते. तू रागावशील. तू म्हणशील, आजी भ्रमिष्ट झाली, मी दाखवतोच सगळ्यांना, आणि पुनवेच्या रात्री एकटा त्या सपाटावर तंबू ठोकून झोपशील. दीपेशला सुद्धा परत पाठवशील. मला शिव्या दे, बोर्ड फोड, दुबईला जा, मी हूं म्हणणार नाही. फक्त पुनवेच्या दिवशी दुपारी काळूरामला बरोबर घे आणि बांधाच्या माथ्यावर उभा राहा. पाण्याकडे तोंड करू नकोस. रस्त्याकडे बघ, त्या सखल वाटेकडे. बाराला काय होतं ते बघ, आणि मग रात्री वर, रस्त्यावर, गाडीत झोप. तू तिथे उभा राहून ते पाहिलंस एवढं कळलं की झालं. मग तू माझ्याशी बोललास काय, न बोललास काय.

तुझीच, तुला ठेवायला खोटं बोललेली,
आजी